कोरड्या वजनाचा हिशेब : पुण्यातील एका प्रथिनयुक्त शाकाहारी डब्याचे चार महिने

आषाढी एकादशीच्या दुसऱ्याच दिवशी मी कर्वेनगरमधील एका घरगुती स्वयंपाकघराचा ‘प्रथिनयुक्त शाकाहारी डबा’ लावला आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत, मधले खाडे सोडता, दोन्ही वेळा तोच जेवले. माझे वय ४३ वर्षे, डबा लावला तेव्हाचे वजन ५८ किलो, आणि गेली सहा वर्षे आठवड्यातून पाच दिवस सकाळी वजने उचलण्याचा व्यायाम चालू आहे. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही, परंतु या वयात अंगावरचे स्नायू टिकावेत आणि जमल्यास वाढावेत, अशी मनापासून इच्छा आहे. घर जन्मापासून शाकाहारी आहे. ‘एखादे अंडे तरी खात जा’ हा व्यायामशाळेतील सल्ला मी आजवर पन्नास वेळा ऐकला असेल. पण अंडे खायचे नाही हे ठरलेलेच आहे आणि त्याबद्दल मला कोणतीही खंत नाही. प्रश्न एवढाच होता की नोकरी सांभाळून रोज दोन वेळा घरच्यांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरा असा स्वयंपाक करणे मला जमेनासे झाले होते.

स्वयंपाकघराचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांच्याकडे दिवसाला चाळीस-पन्नासच डबे होतात आणि सध्या नवीन नोंदणी बंद आहे. शिवाय पुढे ज्या चुकीबद्दल लिहिणार आहे ती त्यांनी ऐकून घेतली आणि सुधारली, त्यामुळे ती त्यांच्या नावावर कायमची चिकटू नये असे मला वाटते. असे डबे आता कोथरूड, बाणेर, हडपसर अशा सगळ्याच भागांत मिळू लागले आहेत आणि जे मी या डब्यात तपासले ते कोणत्याही डब्यात तपासता येईल.

आधी गरज किती ते सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे मला सुमारे ४८ ग्रॅम. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यांसाठी क्रीडापोषणाचे अभ्यासक किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपासचा आकडा धरतात, काही जण त्याहून थोडा अधिक. त्या हिशेबाने मला ९३ ग्रॅम हवीत. आता आपले नेहमीचे जेवण पाहा. तीन पोळ्या, एक फळभाजी, वाटीभर आमटी, मूदभर भात आणि चमचाभर कोशिंबीर यांत सगळी मिळून फार तर १५ ते १८ ग्रॅम प्रथिने असतात. दोन्ही वेळचे जेवण आणि दूध धरले तरी गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जात नाही.

‘शाकाहारात प्रथिने नसतात’ असे म्हणणारे चूक आहेत आणि ‘डाळीत भरपूर प्रथिने असतात’ एवढे म्हणून थांबणारेही पुरते बरोबर नाहीत, असे माझे मत याच हिशेबातून झाले आहे. प्रथिने आहेत, पण ती स्वतःबरोबर किती पिष्ट आणि किती तेल-तूप घेऊन येतात, हे पाहावे लागते. २० ग्रॅम प्रथिने तुरीच्या डाळीतून घ्यायची तर जवळजवळ ९० ग्रॅम कोरडी डाळ शिजवावी लागते आणि तिच्याबरोबर ३०० कॅलरी पोटात जातात. हीच २० ग्रॅम शेंगदाण्यातून घ्यायची तर ८० ग्रॅम दाणे आणि साडेचारशे कॅलरी. पनीर घेतले तर १०० ग्रॅमहून थोडे अधिक आणि तीनशेच्या आसपास कॅलरी, त्यांतल्या बहुतेक स्निग्धांशाच्या. सोया वडी मात्र ४० ग्रॅम पुरते आणि कॅलरी दीडशेच्याही आत राहतात. त्यामुळे शाकाहारी व्यायामपटूसाठी डबा बनवणाऱ्याने ‘पौष्टिक’ पदार्थांची यादी वाढवून काही साधत नाही. पोळी-भाताचे माप कमी करून डाळ-कडधान्य, सोया आणि दुधाच्या पदार्थांचे माप वाढवणे हेच त्याचे खरे काम असते. हे काम या स्वयंपाकघराला नेमके कळलेले आहे, आणि म्हणूनच मी इतक्या सविस्तर लिहीत आहे.

डबा स्टीलचा, चार कप्प्यांचा. दोन मध्यम पोळ्या किंवा एक भाकरी, एका कप्प्यात घट्ट वरण किंवा पिठले, एका कप्प्यात त्या दिवसाचा मुख्य पदार्थ, म्हणजे सोया वडी, पनीर, टोफू (सोयाबीनच्या दुधाचे पनीर) किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ, आणि चौथ्या कप्प्यात दह्यातली कोशिंबीर. भात मागितला तरच मिळतो. वरच्या झाकणाच्या आत एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर प्रत्येक पदार्थाचे वजन आणि प्रथिने लिहिलेली असतात. महिन्याचे २६ दिवस, दोन्ही वेळा मिळून ७,८०० रुपये, म्हणजे एका डब्याला १५० रुपये पडतात. रविवारी स्वयंपाकघर बंद.

मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे वजन लिहिलेले दिसले की ते करून पाहण्याची सवय हाताला आहे. पहिल्या आठवड्यातील मंगळवारी सोया वडीची रस्साभाजी आली. चिठ्ठीवर लिहिले होते : सोया वडी ५० ग्रॅम, प्रथिने २६ ग्रॅम; दोन पोळ्या ६; वरण ६; कोशिंबीर ३; एकूण ४१ ग्रॅम. आकडा पाहून आनंद झाला आणि लगेच शंकाही आली, कारण कप्प्यातल्या वड्या तेवढ्या दिसत नव्हत्या. मी रस्सा गाळून वड्या वेगळ्या काढल्या, हलक्या हाताने पिळल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. बरोबर ५० ग्रॅम भरल्या. वजन खरे होते. हिशेब मात्र खोटा होता.

सोया वडीच्या पाकिटावर १०० ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले असते, ते कोरड्या वडीचे असते. वडी शिजली की पाणी पिऊन फुगते. त्या संध्याकाळी मी घरी २० ग्रॅम कोरड्या वड्या उकळून, थंड करून, पिळून पुन्हा तोलल्या. त्या ५८ ग्रॅम भरल्या. म्हणजे डब्यातल्या ५० ग्रॅम भिजलेल्या वड्या मुळात सतरा ग्रॅम कोरड्या होत्या आणि त्यांत प्रथिने होती सुमारे ९ ग्रॅम. २६ नव्हे, ९. त्या दिवसाचा डबा ४१ ग्रॅमचा नसून २४ ग्रॅमचा होता. साध्या जेवणापेक्षा तो निश्चितच चांगला होता; पण मी त्याच्या भरवशावर सकाळचे दूध कमी केले होते आणि आठवडाभर रोजच्या गरजेपेक्षा बरीच कमी प्रथिने खाल्ली होती, याचे मला वाईट वाटले.

शनिवारी मी स्वतः तेथे गेले. इमारतीच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत स्वयंपाक चालतो. साठीच्या आसपासच्या काकू आणि त्यांचा मुलगा असे दोघे मिळून सगळे पाहतात. पोळ्यांसाठी दोन बायका येतात. मुलाने वही काढून दाखवली. “ताई, आकडे पाकिटावरचेच आहेत, मी एकही वाढवून लिहिलेला नाही,” असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. काकू ओट्यापाशी वड्या पिळत होत्या. त्यांनी मागे वळून विचारले, “अगं, वडी मी भिजवून, पिळूनच काट्यावर टाकते. कोरडी मोजायची असते होय?” माझ्या मते हीच चूक पुण्यातल्या अनेक डब्यांत आणि अनेक घरांतही होत असणार. पाकिटावरचा आकडा कोरड्या जिन्नसाचा, काट्यावरचे वजन शिजलेल्या जिन्नसाचे, आणि दोघांचा गुणाकार झाला की कागदावर प्रथिनांचा पूर येतो. यात लबाडी असतेच असे नाही, परंतु खाणाऱ्याच्या अंगाला त्याने काही फरक पडत नाही.

पुढच्या सोमवारपासून त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येक माणसाच्या वाटणीची वडी, डाळ आणि कडधान्य कोरडे असतानाच एकत्र तोलले जाते, त्याची बेरीज वहीत लिहिली जाते आणि शिजल्यावर पातेल्यातला सगळा ऐवज डब्यांच्या संख्येने समान वाटला जातो. सोया वडी माणशी ४० ग्रॅम कोरडी केली, म्हणजे प्रथिने सुमारे २१ ग्रॅम, आणि चिठ्ठीवर ‘एकूण ४१’ ऐवजी ‘एकूण ३५ ते ३६’ असे लिहिले जाऊ लागले. दावा खाली आला आणि डबा भरला. मी त्यानंतर वेगवेगळ्या वारी मिळून अकरा वेळा वजन करून पाहिले. दोन वेळा उसळ कमी भरली, बाकी नऊ वेळा चिठ्ठी आणि काटा यांचे जुळले. पैसे न वाढवता त्यांनी हे केले, याचा उल्लेख केलाच पाहिजे.

उसळीचा हिशेब वडीपेक्षा अवघड असतो. मटकी भिजून तिला मोड आले की तिचे वजन दुप्पट किंवा त्याहून अधिक होते, शिजताना ती आणखी पाणी घेते आणि वाटीत तर अर्धा रस्साच असतो. म्हणून ‘वाटीभर उसळ’ या मापाला काहीच अर्थ नाही. येथे माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी, मूग किंवा चवळी धरतात, त्यातून दहा-अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्या दिवशी मुख्य पदार्थ उसळ असतो त्या दिवशी ३५ चा आकडा गाठण्यासाठी बरोबर घट्ट पिठले आणि चक्का देतात. माझे वडील तरुणपणी टिळक रस्त्यावरील महाराष्ट्रीय मंडळात जात असत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या त्या संस्थेत व्यायाम करून घरी आल्यावर ते मूठभर भिजवलेले हरभरे आणि गूळ खात, आणि त्यावर पेलाभर दूध घेत. पुण्याच्या तालमींतून चालत आलेला हा खुराक माझ्या मनात फार मोठा होता. एकदा मी माझी मूठ भरून हरभरे काट्यावर ठेवले. कोरडे असताना ते ३० ग्रॅम भरले होते. म्हणजे प्रथिने सहा ग्रॅम. खुराक चांगलाच होता, पण त्याला दुधाची आणि दिवसभराच्या जेवणाची जोड होती म्हणून तो पुरत असे. मुठीच्या मापावर माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

पिठल्याबद्दल आणि भाकरीबद्दल मुद्दाम लिहायला हवे, कारण या डब्यातला तो सर्वांत उत्तम दिवस असतो. गुरुवारी ज्वारीची भाकरी, ५० ग्रॅम बेसनाचे घट्ट पिठले, वरून लसणीची फोडणी, मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ आणि दही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एका जेवणात आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी-पिठले, वरण-भात, खिचडी या जोड्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काकूंनी जोडी तीच ठेवली आणि प्रमाण उलटे केले, म्हणजे भाकरी एक आणि पिठले दुप्पट. ताटाकडे पाहून काहीतरी वेगळे, आजारी माणसाचे जेवतो आहोत असे वाटत नाही, आणि महिनोन्‌महिने टिकायचे असेल तर हे फार महत्त्वाचे आहे.

पनीरचा दिवस माझ्या दृष्टीने सर्वांत कमकुवत. पनीर चांगले असते, ताजे असते, ८० ग्रॅम मोजून असते. पण भारतीय नियमांप्रमाणे साध्या पनीरमध्ये कोरड्या अंशाच्या निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, त्यामुळे ते मुळातच जड असते. त्यावर काजूच्या वाटणाचा रस्सा आणि वर तरंगणारे तेल आले की १५ ग्रॅम प्रथिनांसाठी पाचशेच्या घरात कॅलरी जातात. वजन वाढवण्याच्या काळात हे चालून जाते. ज्याला चरबी उतरवायची आहे त्याने मात्र शुक्रवारी दुपारी टोफूचा पर्याय मागून घ्यावा, तो आदल्या दिवशी कळवल्यास मिळतो. तेल कमी करण्याविषयी मी दोन वेळा सांगितले. रस्सा पातळ झाला, तेल फारसे कमी झाले नाही.

चवीच्या बाबतीत पुणेकराला बोट ठेवायला जागा क्वचितच मिळेल. गोडा मसाला घरचा आहे, आमटीत आमसूल आणि गुळाचा खडा असतो. सोया वडीला एक उग्र वास येतो, तो अनेकांना सहन होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो झाकण्यासाठी गरम मसाल्याचा मारा करतात. काकूंची रीत निराळी आहे. मी गेले त्या शनिवारी ती जवळून पाहिली. मिठाच्या उकळत्या पाण्यात वड्या टाकल्या, फेस आला तसे ते पाणी ओतून दिले, दुसऱ्या पाण्यात पुन्हा एक उकळी आणली, मग गार पाण्यातून काढून पंचाच्या तुकड्यात बांधून दोन्ही हातांनी घट्ट पिळल्या. फडक्यातून आधी पिवळसर आणि मग स्वच्छ पाणी येऊ लागले तेव्हाच त्या थांबल्या. नंतर आले-लसूण घातलेल्या आंबट ताकात अर्धा तास मुरवल्या. अशी वडी रस्सा आतपर्यंत शोषते आणि दाताखाली रबरासारखी लागत नाही. ही रीत मी घरी उचलली आहे आणि रविवारी तीच वापरते.

पहिल्या पंधरवड्यात पोटाला त्रास झाला हेही सांगितले पाहिजे. एकाच डब्यात छोल्याची उसळ, वरण आणि वर सोया असे तीन जिन्नस आले की रात्री पोट डब्ब होऊन जाई आणि सकाळी पाठीवर वजन घेऊन बैठका मारताना ते जाणवे. डाळी-कडधान्यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणे आणि मोड आणणे या दोन्हींनी त्या शर्करा कमी होतात. शिवाय लोह आणि जस्त शोषले जाण्यात अडथळा आणणारे फायटेटही कमी होते. मी कळवल्यावर रात्रीच्या डब्यातून छोले-राजमा काढून तेथे मूग, मसूर आणि पनीर-टोफू ठेवण्यात आले. हा बदल सर्वांसाठीच झाला, त्याअर्थी तक्रार माझ्या एकटीची नसावी. नवीन लावणाऱ्यांनी पहिले दोन आठवडे एकच वेळ डबा घ्यावा आणि मग दोन्ही वेळा करावा, असे मी सुचवीन.

चातुर्मासाचा काळ असल्यामुळे उपवासांची परीक्षा आपोआप झाली. पहिल्या एकादशीला आलेला डबा निराशाजनक होता. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि ताक. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. जी काही आठ-दहा ग्रॅम मिळाली ती शेंगदाण्याच्या कुटातून आणि ताकातून. महिन्यातून दोन एकादश्या, त्यात श्रावणी सोमवार, मग नवरात्र, असे दिवस धरले तर श्रावण ते अश्विन या काळात उपवास पाळणाऱ्या व्यायामपटूचे किती दिवस असे रिकामे जात असतील याचा विचार व्हायला हवा. नंतरच्या एकादश्यांना मात्र राजगिऱ्याचे थालीपीठ, दाण्याची आमटी, वऱ्याचा थोडा भात आणि दीडशे ग्रॅम चक्का असा डबा येऊ लागला. चक्का बांधल्यावर खाली जे पाणी उतरते त्यातही प्रथिने असतात, आणि ते फेकून न देता काकू राजगिऱ्याचे पीठ त्याच पाण्यात भिजवतात. या डब्याचा आकडा चिठ्ठीवर २४ लिहिलेला असतो, ३५ नव्हे. उपवासाच्या दिवशी तेवढ्यावर मी समाधानी आहे आणि संध्याकाळी एक पेला दूध वाढवते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी चार महिने वेगळे पातेले चढत होते, हेही त्यांच्या बाजूने नोंदवते.

चिठ्ठीच्या खाली सुरुवातीला ‘संपूर्ण आहार’ असे शब्द छापलेले असत, त्याला माझी हरकत होती. कोणताही शाकाहारी डबा काही गोष्टी देऊ शकत नाही. जीवनसत्त्व ब-१२ वनस्पतींत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते, ते अनेकांना अपुरे पडते. पुण्यातच के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे आणि पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ कमी असल्याचे त्यांना आढळले होते. माझे स्वतःचेही तपासणीत कमी निघाले होते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्यावर ते ठिकाणावर आले. व्यायामानंतरचा थकवा, हातापायांना मुंग्या येणे अशा गोष्टींना केवळ ‘प्रोटीन कमी पडते’ असे म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट क्रिएटिनची, म्हणजे जोराच्या हालचालीत स्नायूंना झटपट ऊर्जा मिळवून देणाऱ्या पदार्थाची. ते आहारातून मुख्यतः मांस-मासे यांतून मिळते, शरीर स्वतःही काही प्रमाणात तयार करते, पण शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी आढळतो. दुकानात मिळणारे क्रिएटिन मोनोहायड्रेट रासायनिक प्रक्रियेने बनवलेले असते, प्राण्यापासून काढलेले नसते, त्यामुळे शाकाहारी माणसाला ते घेण्यास तत्त्वाची अडचण नाही. मी रोज ३ ग्रॅम घेते. ‘संपूर्ण आहार’ हे शब्द ऑगस्टमध्ये चिठ्ठीवरून गेले.

माझा दिवसाचा हिशेब आता असा बसतो. दोन डब्यांतून ७०, व्यायामानंतर व्हे प्रथिनाच्या (दुधाच्या निवळीपासून बनवलेल्या भुकटीच्या) एका चमच्यातून २४, रात्रीच्या पेलाभर दुधातून ८. बेरीज शंभरच्या किंचित पुढे जाते आणि ती दिवसभरात चार वेळांत विभागली जाते. केवळ डब्यावर अवलंबून राहिले असते तर २० ग्रॅमहून अधिक कमी पडली असती. व्हे पचत नसेल तर त्या जागी सातूचे पीठ आणि जास्तीचे दही चालते, पण पोट अधिक भरते आणि कॅलरी वाढतात.

डबा पोचवण्याची व्यवस्था ठीक आहे. दुपारचा साडेबाराच्या आत येतो, रात्रीचा आठच्या सुमारास. जुलैच्या जोरदार पावसात तीन वेळा तासाभराचा उशीर झाला. रस्साभाजीचा कप्पा दोनदा गळून पोळ्या ओल्या झाल्या. त्यानंतर झाकणाला रबराची कडी आली. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असणार म्हणून दोन दिवस आधीच खाडा कळवला आणि त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते केले. आपल्याकडून खाडा धरायचा असेल तर आदल्या संध्याकाळी सहापूर्वी कळवावे लागते. हा नियम ते काटेकोरपणे पाळतात, साडेसहाला कळवलेला माझा एक खाडा त्यांनी धरला नाही.

किमतीविषयी. आमच्या भागात दोन वेळांचा साधा डबा महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास मिळतो. त्यापुढे ७,८०० रुपये जास्त वाटतात, पण साध्या डब्यात मिळणाऱ्या प्रथिनांच्या जवळजवळ दुप्पट यात आहेत, त्यामुळे दर ग्रॅम प्रथिनामागचा खर्च साधारण सारखाच पडतो. ज्याला घरी स्वयंपाक करायला वेळ आहे त्याने मार्केट यार्डातून महिन्याच्या डाळी-कडधान्ये भरून सोया वडी आणि घरचे दही यांवर हेच जेवण निम्म्याहून कमी खर्चात करावे, त्यात गुप्त असे काहीच नाही. ज्याचे वजन ८० किलो आहे आणि ज्याला दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने हवीत त्याला हा डबा आहे तसा पुरणार नाही. त्याच्यासाठी २१० रुपयांचा दीडपट डबा आहे, तो माझ्या व्यायामशाळेतील एक जण घेतो आणि त्याची तक्रार फक्त पनीरच्या तेलाबद्दल आहे.

चार महिन्यांत माझे वजन ५८ वरून ५९.४ किलो झाले, कंबरेचे माप तेवढेच राहिले आणि पाठीवर ६० किलो घेऊन ज्या पाच बैठका निघत होत्या त्या आता ७० किलोवर निघतात. याचे सगळे श्रेय डब्याला देणार नाही, कारण याच काळात झोप सुधारली आणि क्रिएटिनही सुरू झाले होते. पण पहिल्या दोन आठवड्यांत, चिठ्ठीवर ४१ आणि पोटात २४ असताना, काहीच हलले नव्हते हे माझ्या वहीत नोंदलेले आहे.

दिवाळीच्या पाच दिवसांचा खाडा सोडून पुढच्या महिन्याचे पैसे मी भरले आहेत. चिठ्ठीवर शिजलेल्या पदार्थाच्या शेजारी कोरडे वजनही छापावे, अशी विनंती केली आहे; मुलाने होकार दिला आहे. शुक्रवारच्या पनीरऐवजी पावट्याची किंवा कुळथाची उसळ आणि जोडीला टोफू द्यावे का, हा विचार काकूंच्या मनात चालू आहे, आणि त्यांनी तसे केले तर तो बदल मी आनंदाने स्वीकारीन.